सेन्सेईबाईंचा हात

सेन्सेईबाई, म्हणजे जपानी सुलेखनाच्या आमच्या गुरू, कागद बघतच नसत, आमची पाठ बघत. आपण ब्रश शाईत बुडवून श्वास धरायचा आणि मागून आवाज यायचा, "थांब. चुकणार आहेस." ब्रश अजून कागदाला टेकलेलाही नसायचा. मी पडले पुण्याची. न केलेल्या चुकीबद्दल बोलणी खायची मला सवय नव्हती. पहिल्या महिन्यात दोनदा वाद घातला. दोन्ही वेळा अक्षर बिघडलंच, मग गप्प बसले.

परदेशात आम्ही राहतो त्या माउंट रॉस्किल उपनगरात आमच्या मागच्याच रस्त्यावर त्यांचं भाड्याचं छोटं घर होतं आणि गराजमध्ये वर्ग. दिवसभर ऑफिसात कीबोर्ड बडवून कंटाळले होते, म्हणून सहज नाव घातलं आणि सात वर्षं अडकले. सुरुवातीला आम्ही सहा जण होतो. बाईंच्या जिभेपुढे एकेक जण गळाला, मी तेवढी उरले.

शिकवायच्या त्या जपानी दरबाराचं अक्षर. हजारेक वर्षांपूर्वी राजवाड्यातल्या बायकांनी घडवलेलं, बारीक, वाहतं. शिकायची रीत एकच: गुरूचं अक्षर गिरवायचं, अगदी खालच्या नावासकट. "तुझं वळण मला नको, माझं दे," म्हणायच्या. सहाव्या वर्षी त्यांचा कागद कुठला आणि माझा कुठला, मलाच ओळखू येईना. मी हुरळून गेले. त्या म्हणाल्या, "हे माकडही करेल."

त्यांचे आजोबा दरबारात लेखनिक होते. कागद, शाई आणि पोटापुरतं राजवाड्यातून मिळे. युद्धानंतर ते सगळं गेलं. आमच्याकडेही गवयांना असा राजाश्रय असायचा, असं मी एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "पोटाचं सोड गं. वर कुणीतरी नीट बघणारं आहे, म्हणून माणूस नीट लिहितो."

तेवढं एक दार मात्र अजून उघडं होतं. दर वर्षी राजवाड्यातून एक शब्द जाहीर होतो. त्यावर कुणीही कविता पाठवावी, निवडक कविता नव्या वर्षात सम्राटासमोर वाचल्या जातात. सेन्सेईबाई तीस वर्षं पाठवत होत्या, एकदाही निवड नाही. कविता स्वतःच्या हातानं लिहायची. आजारी माणसाला दुसऱ्याकडून लिहून घेता येतं, पण मग तसं स्पष्ट कळवावं लागतं.

त्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला होता. पुढच्या वर्षी ब्रश धरता येईल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. मी म्हटलं, "सेन्सेई, मी लिहू का? तसं कळवू." माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हात थरथरतोय. मेलेला नाही."

टपालाच्या शेवटच्या दिवशी त्या सकाळपासून लिहीत होत्या. कविता वाऱ्यावर वाळणाऱ्या धुण्याबद्दल होती. कागदामागून कागद फुकट गेले. दुपारी एक पुरा झाला. पाकीट उघडंच माझ्या हातात देऊन त्या आडव्या झाल्या.

पोस्टाचं काउंटर कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, होतं. दाराशी गाडीत बसून मी कागद काढला. रेघा जागोजाग फुटलेल्या. मला भरून आलं, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. त्याच कवितेचा मी आदल्या आठवड्यात वर्गात गिरवलेला कागद माझ्या फाइलमध्ये होता, सुरेख, त्यांच्या नावासकट. मी अदलाबदल केली, पाकीट चिकटवलं आणि टाकलं.

पुढच्या शनिवारी गराजमध्ये बसले, ब्रश बुडवला. मागून काहीच आवाज येईना. मान वळवायची माझी छाती होईना.

"काय केलंस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांचा कागद फाइलमधून काढून पुढे ठेवला. त्यांनी तो बघितला आणि म्हणाल्या, "तुला माझी लाज वाटली."

त्याच दिवशी त्यांनी मला त्यांच्या नावानं राजवाड्याला पत्र लिहायला लावलं: आलेला कागद माझ्या हातचा नाही, बाजूला काढावा. मी विनवण्या केल्या, कुणाला कळणार नाही म्हटलं. "मला कळलंय," म्हणाल्या. सही करायला त्यांना पाच मिनिटं लागली. मग म्हणाल्या, "आता येत जाऊ नकोस."

त्यांच्या हातानं लिहायचं शेवटचं वर्ष मी वाया घालवलं. अकरा महिने हे मनाला खात राहिलं, घरी नवऱ्यालाही सांगू शकले नाही. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला अल्बनीत असलेल्या वृद्धांच्या एका नर्सिंग होममधून फोन आला: बाईंनी बोलावलंय, ब्रश आणि शाई घेऊन या.

उजवा हात पांघरुणावर नुसता पडला होता. "नवा शब्द आलाय, कविता झाली आहे," त्या म्हणाल्या. "तू लिही. माझं वळण नको."

त्या एकेक ओळ सांगत गेल्या. मी लिहिलं, तर त्यांचंच अक्षर उतरलं. "हे माझं आहे. फाड." दुसरा कागदही फाडला. तिसरा, चौथा. सात वर्षांत मला माझं असं अक्षरच उरलं नव्हतं. पाचव्या कागदावर कुठून तरी शाळेत मराठी गिरवताना घोटवलेलं माझं जुनं बोजड वळण त्या जपानी अक्षरांत आलं. जाड, तिरकं.

बाईंनी कागद बघितला. "वाईट आहे," म्हणाल्या. "पाठव."

ती कविता निवडली गेली नाही, आणि ते कळायला त्या राहिल्याही नव्हत्या. पण त्या दुपारी सोबतची चिठ्ठी त्यांनी मला सांगितली: "माझा हात चालत नाही. हे माझ्या शिष्येनं लिहिलं आहे."

सात वर्षांत मला त्यांनी कधी शिष्या म्हटलं नव्हतं. मी तो शब्द लिहिला, आणि पुढचा कागद मला दिसेना.