आखाजीच्या आदल्या दिवशी भाजलेले पाय

शनिवार, आखाजीचा आदला दिवस. लिंबायतमधला दवाखाना. हजर : गुजराती डॉक्टर, माझी बायको आणि मी. तपासणीची फी तीनशे रुपये.

सकाळी ती गच्चीवर अनवाणी कुरडया वाळत घालायला गेली होती. अकरा ते पावणेबारा. खाली आली तेव्हा फरशीवर ओले ठसे उमटले. मला वाटलं, पाणी सांडलं असेल. दोन्ही तळव्यांना फोड येऊन ते फुटले होते आणि तिला पत्ता नव्हता. साखर अकरा वर्षांपासून आहे.

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून तळव्यांवर दहा ठिकाणी बारीक तार टेकवली. तिला तीनदा कळलं. मी मोजत होतो.

"दुखतंय दहापैकी किती, बेन?"

"शून्य."

"मग रडता कशाला?"

तिच्याऐवजी मी सांगितलं. आम्ही खान्देशातले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो. गेल्या वर्षी तिची आई वारली, त्या दुखवट्यात जाणं झालं नाही. यंदा तिची पिशवी आठ दिवसांपासून भरलेली आहे. गच्चीवरून रिक्षाथांबा दिसतो. कुरडया घालायला पाऊण तास लागत नाही.

डॉक्टर म्हणाले, तळव्याच्या नसा गेल्यात, तिथला निरोप मेंदूला पोचत नाही. हे दुसरं दुखणं त्या वाटेनं जातच नाही, म्हणून ते पोचतं.

मी कडोदऱ्याला लूमच्या कारखान्यात हिशेब लिहितो. तिथं धागा तुटला की यंत्र आपोआप थांबतं. थांबवणारी पट्टी बिघडली, तर ते तुटल्या धाग्यावरच विणत राहतं. हे मला दवाखान्यात बसल्या बसल्या आठवलं. 

पट्ट्या बांधून झाल्यावर ती रिक्षापर्यंत नेहमीसारखी चालत गेली.

घरी पोचलो तर मोबाइलवर मेव्हण्याचे पाचशे रुपये आलेले. खाली लिहिलं होतं, 'दाजी, यंदा निघणं जमत नाही. ताईला साडी घ्या.' मी वाचून दाखवलं.

"परत धाडी द्या," ती म्हणाली.

"कारण काय लिहू?"

तिनं पिशवीतलं लुगडं काढून कपाटात ठेवलं. मग म्हणाली, "लिखा, पाय भाजी गया, येवाले जमत नही."

त्यानं ये म्हटलंच नव्हतं. तरी मी तसंच लिहिलं.

त्या दिवशी दिले ते असे : डॉक्टरांना तीनशे, औषधवाल्याला दोनशे चाळीस, रिक्षावाल्याला साठ. मेव्हण्याला पाचशे परत.