नको म्हणू देणाऱ्या सुलभाताई

आमच्या वाडीतल्या अंगणवाडीच्या सुलभाताई चार वर्षांच्या पोरालाही विचारून हात लावायच्या. "नाक पुसू?" पोर नको म्हणालं की रुमाल त्याच्याच हातात. शेंबूड पुसायला कसली परवानगी, म्हणून आम्ही बायका पोट धरून हसायचो. त्यांना ते कळायचं. "हसा गो," म्हणायच्या, "पोर माझं नाय, तुमचंही नाय. त्याचं ते हाय." या वाक्याचा मला भारी राग यायचा. नऊ महिने पोटात वाढवली मी, आणि पोर माझी नाही?

एका गणपतीत ताई आमच्याकडे दर्शनाला आल्या होत्या. मुंबईहून आलेल्या माझ्या चुलत दिराने माझ्या चार वर्षांच्या मनूला मांडीवर ओढलं. "काकाला पापी दे, मग चॉकलेट." मनू अंग चोरत होती. सासूबाई म्हणाल्या, "दे गो, एवढा लांबून आलाय." मीही म्हटलं, दे. आपल्याकडे सगळेच म्हणतात. ताई प्रसाद खाली ठेवून उठल्या. "तिला नको हाय. सोडा तिला." आवाज चढवला नाही, पण भरल्या घराने ऐकलं. दीर हसला आणि त्याने तिला सोडलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवड्याभरात मी ताईंच्या वरिष्ठ बाईंकडे अर्ज पाठवला: या बाई मुलांना मोठ्यांचा अपमान करायला शिकवतात. खाली नाव घातलं नाही, एवढी मी शूर! ताईंना समज मिळाली. मनूला मी शहरातल्या बालवाडीत घातलं. ताई रस्त्यात भेटल्या की मनूची चौकशी करायच्या, आणि मला नेमकी तेव्हाच घाई असायची.

मनू आता नऊ वर्षांची आहे. यंदा गणपतीची साफसफाई करताना ती म्हणाली, "आई, काका येणार असेल तर मला मामाकडे पाठव." का, विचारलं. तिने सांगितलं. दोन वर्षं चाललं होतं, माझ्याच घरात, मी आत मोदक वळत असताना. नवरा मुंबईहून फोनवर म्हणाला, "नीट विचार कर, घरातलाच माणूस आहे." सासूबाई म्हणाल्या, गावात तोंड दाखवता येणार नाही. त्यांचं ऐकताना क्षणभर मला पटतही होतं, हे लिहायला लाज वाटते. मनूकडे बघितलं की काहीच पटत नव्हतं. त्या दिवशी ताईंचं ऐकलं असतं तर पोर वाचली असती का? रोज वेगळं उत्तर येतं.

शेवटी मनूला घेऊन निवृत्तीनंतर मालगुंडला राहणाऱ्या ताईंकडे गेले. त्यांनी तिचं सगळं ऐकलं, मध्ये एक प्रश्न घातला नाही. "सांगितलंस ते बरं केलंस. तुझं काय चुकलं नाय." मग माझ्याकडे वळल्या. "चल, पोलीस ठाण्यात जाऊ."

"आत्ता?"

"मग कवा? विसर्जन झाल्यावर?"

साध्या कपड्यांतल्या महिला पोलिसाने मनूचं म्हणणं लिहून घेतलं. ताई आमच्या शेजारी बसून होत्या. परतीच्या एसटीत मनूला झोप लागली, तेव्हा मला राहवेना.

"ताई, तुमच्याविरुद्धचा तो निनावी अर्ज माझा होता."

"ठाऊक हाय."

"तरी आलात?"

त्या रागावलेल्या दिसल्या नाहीत, विरघळलेल्याही नाहीत.

"मी तुझ्यासाठी नाय आले गो."