खोली वाढवा

पनवेलमधल्या एका बिल्डरच्या ऑफिसात मी अजून न बांधलेली घरं दाखवते. गिऱ्हाइकाला चष्मा द्यायचा, खुर्चीत बसवायचं आणि थ्रीडी पडद्यावर फ्लॅट फिरवून आणायचा. डाव्या-उजव्या डोळ्यांची चित्रं एकमेकांपासून किती सरकवली, त्यावर मागची भिंत किती लांब वाटेल ते ठरतं. त्याला डेप्थ म्हणतात, म्हणजे खोली. मी नकाशा पुढ्यात ठेवून ती नीट बसवते. आणि आमचे साहेब येता-जाता रिमोटने वाढवून ठेवतात! "डेप्थ म्हणजे खोलीच ना? मग खोली वाढवा की," हा त्यांचा विनोद. एवढंसं स्वयंपाकघर लग्नाच्या हॉलसारखं दिसतं, लोकांची डोकी दुखतात आणि तरी ते खूश होऊन जातात. ही सरळ डोळ्यांत धूळफेक आहे, आणि पगार घेऊन ती मीच करायची.

परवा जवळच्या गावातल्या एक मावशी मुलाबरोबर आल्या. त्यांचं राहतं घर पाडून तिथे आमची बिल्डिंग येणार, बदल्यात त्यांना फ्लॅट. हॉल, बाल्कनी त्यांनी पाहिलीच नाही. स्वयंपाकघर आलं तशा त्या खुर्चीवरून उतरून सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या, भाकरी थापायला बसतात तशा.

"बाय, खरंच एवढं मोठं हाय?"

नेहमीसारखी खोली वाढवून बाजूला उभे राहिलेले साहेब माझ्याकडे बघून हसले. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी रिमोट उचलला, चित्र मावशींच्या नजरेच्या उंचीवर आणलं आणि खोली नकाशात होती तेवढी केली. भिंत सरकन पुढे आली. ती थोपवायला मावशींनी हात पुढे केला.

"एवढ्यात मी बसू कुठं नि सून बसंल कुठं?"

"खाली कशाला बसायचं, मावशी? ओट्याशी उभं राहून करायचं आता," साहेब म्हणाले. जन्मभर बसून रांधलेल्या बाईला हा माणूस उभं राहायला शिकवत होता!

मुलगा माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता हा साहेबांना झापणार.

"ताई, कागदावर सही कवाच झालीय," तो हळूच म्हणाला. "वाढवा ना परत. आईला बरं वाटंल."

त्याच्या एक थोबाडीत द्यावी असं वाटलं. मी रिमोट सोडला नाही.

पण मावशींनी ऐकलं होतं. जमिनीला हात टेकून त्या उठल्या, चष्मा काढला आणि मुलाच्या हातात ठेवला.

"तूच बघ," त्या म्हणाल्या. "तुलाच ऱ्हायचं हाय तिथं."