पहिल्यांदा पाहिलेली भाकर

डब्यात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर असली की झाकण उघडताच स्टाफरूमभर खरपूस वास सुटतो, आणि मला म्हसावदच्या आमच्या घरातली ती सकाळ आठवते. वजन वाढल्याने सातवीला शिकवायला जाताना जिन्यावर धाप लागायची, म्हणून डॉक्टरांनी मला किटो डाएट सांगितलं होतं; म्हणजे भाकर, भात, साखर सगळं बंद, त्याऐवजी अंडी. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, लिहून दिलेलं नेमाने पाळणारा. चुलीपुढे बसलेल्या आईला म्हटलं, "माय, आजफाईन माले भाकर नको." तिचा पिठातला हात थांबला. "मन्हा हातनी भाकर कडू लागस का तुले?" मी परोपरीने समजावलं. "मास्तर व्हयना, आन आते मायनी भाकर भी नको व्हयनी!" म्हणत तिने तोंड फिरवलं. ती दुखावली होती, म्हणून अंडी खाऊन झाल्यावरही मी उठलो नाही, तिथेच बसलो. तिच्या तळव्याखाली मुठीएवढा गोळा फिरत फिरत तव्याएवढा झाला, कड कुठेही फाटली नाही, आणि तव्यावर भाजून निखाऱ्यापुढे उभी करताच भाकर टम्म फुगली. मी बघतच राहिलो. "काय देखी ऱ्हायना? कधी देखी नही का?" "खावानी घाई ऱ्हाये, माय. देखाले टाइम कोठे व्हता?" ती हसली, पुढचा गोळा मुद्दाम मोठा घेतला आणि म्हणाली, "मंग देख आते." पुढे वजन उतरलं, डॉक्टरांनी भाकरीला परवानगी दिली, पण अजूनही थापण्याचा आवाज आला की मी वह्या तपासायच्या सोडून चुलीपुढे जाऊन बसतो, आणि भाकर फुगेपर्यंत उठत नाही.