पहिले सहा महिने दात नाहीत

आमच्या रविवारच्या क्लासमध्ये पेन्सिली तासून निघालेली सालं केळीच्या वेफर्सच्या रिकाम्या बरणीत टाकायची पद्धत आहे. वर्षभरात तीन बरण्या भरल्या. किस्से मात्र बरणीत मावत नाहीत. कुणी नुसतं "कसा चाललाय क्लास?" विचारलं की एक बाहेर पडतो, त्याला धरून दुसरा येतो, आणि विचारणाऱ्याचा चहा थंड होतो. तेव्हा आधी चहा संपवा!

झालं असं, की मी जळगावचीच, पण शाळेपासून बाहेर. आधी दक्षिणेतलं बोर्डिंग, मग परदेशात चित्रकलेचं शिक्षण. परत आले ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन. जळगावातल्या कुठल्याही माणसाला रंगीत पेन्सिलींनी खराखुरा चेहरा काढता आला पाहिजे! वयाची अट नाही, शिक्षणाची नाही. एका हार्डवेअरच्या दुकानावरची खोली घेतली, बोर्ड लावला, तीस खुर्च्या भाड्यानं आणल्या.

तीन माणसं आली.

नाना, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. प्रकाशभाऊ, नशिराबादला त्यांचं सलून. आणि बासष्ट वर्षांच्या सिंधूअक्का, रावेरकडच्या केळीच्या बागा मुलांवर सोपवून जळगावात राहायला आलेल्या.

"मला एकच चेहरा काढायचाय," अक्का म्हणाल्या. "माझ्या मायचा."

"फोटो आणलाय?"

"फोटो असता तर फ्रेम केली असती, पोरी. तुझ्याकडे कशाला आले असते?"

अक्का तीन वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. फोटो कधी काढलाच नव्हता. तो चेहरा बघितलेलं एकच माणूस आता उरलंय, आईची धाकटी बहीण, भडगावची मावशी. आणि मावशी हल्ली विसरायला लागलीय. मागच्या दिवाळीला तिनं अक्कांनाच दोनदा विचारलं, "तू कोनी?"

"ती पूर्ण विसरायच्या आत तिनं चित्र बघून 'हीच ती' म्हणायला पाहिजे," अक्का म्हणाल्या. "बाकी मला कलाकार-बिलाकार व्हायचं नाही."

मी उरलेल्या सत्तावीस खुर्च्या त्याच दिवशी परत पाठवल्या आणि कामाला लागले!

* * *

पहिल्याच तासाला मी पेटीतली गुलाबी पेन्सिल काढून टेबलावर आपटली. तिच्यावर 'स्किन' असं छापलेलं होतं.

"ही कातडी कुणाची? मे महिन्यात जळगावच्या रस्त्यावर या रंगाचा माणूस दिसला तर त्याला आधी दवाखान्यात न्या! आपल्या चेहऱ्यात तपकिरी आहे, केशरी आहे, जांभळा आहे. आणि सावलीत चक्क हिरवा आहे!"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले.

"नानांच्यात आहे हिरवा," अक्का म्हणाल्या. "पण मला वाटलं पित्त असेल."

त्याच दिवशी मी नियमही सांगितले. काळी पेन्सिल बंद. रंग हलक्या हातानं, थरावर थर. आणि पहिले सहा महिने दात नाहीत! कारण नवशिक्यानं दात काढले की माणूस हसताना दिसत नाही, मक्याचं कणीस दिसतं. आधी डोळे, मग नाक, मग कान, मग मिटलेले ओठ.

"पण मायनं हसायला नको का?" अक्का.

"ओठ मिटून हसवू!" मी. काय तो माझा उत्साह!

* * *

प्रकाशभाऊंनी शार्पनर कधी हातात धरलं नाही. वस्तऱ्यात घालायचं अर्धं पातं त्यांच्या खिशात कायम असतं, कागदात गुंडाळलेलं. त्यानं ते पेन्सिलीला असं टोक काढतात की कागदाला लावायला भीती वाटावी.

त्यांनी पहिलं चित्र काढलं नानांचं. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, सुरकुती न् सुरकुती पाठ. चित्र बघून नाना खूश. "हुबेहूब! हा मीच!" आणि मिरवत घरी घेऊन गेले.

पुढच्या रविवारी पडेल चेहऱ्यानं परत. नानींनी चित्र नाकारलं होतं. म्हणे, हा कुणी दुसराच माणूस आहे, ह्याचा तीळ भलत्याच गालावर आहे आणि भांगही उलटा.

मी चित्र बघितलं. नानी बरोबर होत्या! मग लक्षात आलं. न्हावी गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहतो. प्रकाशभाऊंनी वीस वर्षं नानांचा चेहरा आरशात बघितला होता. आणि नानांनीही स्वतःला दुसरं कुठं बघितलंय? दोघांचा नाना एकच होता, आरशातला.

मी हे सगळं नीट समजावून सांगितलं. नानांनी तिथल्या तिथे घरी फोन लावला.

"ऐकलं का? मॅडम सांगताहेत, चाळीस वर्षं तू मला उलटाच बघत आलीस!"

* * *

नानांचं स्वतःचं दुखणं वेगळं. त्यांनी काढलेला प्रत्येक माणूस डोळ्यांच्या कोपऱ्यातून उजवीकडे बघायचा. बाई असो, बाळ असो, देव असो.

"नाना, हे सगळे तिकडे काय बघतात?"

"मागून कोणी ओव्हरटेक करतोय का ते," नाना म्हणाले. "समोर बघायला काय लागतं? समोरचं दिसतंच."

* * *

अक्कांच्या आईचा चेहरा आम्ही फोनवर गोळा केला. दर रविवारी क्लास सुटायच्या आधी भडगावला फोन, स्पीकरवर. पहिला आठवडा डोळ्यांचा.

"मावशी, मायना डोया कसा व्हतात?" अक्कांनी विचारलं.

"कसा म्हनजे? दोन व्हतात!"

आम्ही तोंड दाबून हसतोय. अक्कांनी हट्ट सोडला नाही.

"रागे भरनी का बारीक करे," मावशी शेवटी म्हणाली. "मंग आम्ही बठ्ठा घरना भाईर!"

आता असे बारीक केलेले डोळे आणायचे कुठून? नाना पुढे आले. खुर्ची सरळ केली, मांडीवर स्टिअरिंग धरलं आणि म्हणाले, "समोरून ट्रक येतोय. डिप्पर देत नाही." आणि असे डोळे बारीक केले की अक्कांची पेन्सिलच थांबली.

"नाना, असेच राहा!"

पाऊण तास तो ट्रक येत होता.

नाकाची जबाबदारी प्रकाशभाऊंनी घेतली. मावशी म्हणाली होती, नाक सरळ, पण टोकाशी जरासं बसकं. भाऊंनी दोन आठवडे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नाकाचा फोटो काढला. अर्ध्या तोंडाला फेस, मधून वर आलेलं नाक! सत्तर नाकं आम्ही मोबाईलवर मावशीला पाठवली. तिच्या सुनेनं एकेक दाखवलं. एकसष्टावं नाक पसंत पडलं. एका पोलिसाचं होतं.

"त्याला सांगू नका," भाऊ म्हणाले. "बाईचं नाक म्हटलं की तो पुढच्या वेळी दाढी दुसरीकडे करेल."

* * *

मधेच आम्ही धुळ्याला एका मंगल कार्यालयात छोटं प्रदर्शन भरवलं. डोळे, नाकं, ओठ, कान, सगळे सुटे सुटे. लोक येत, "प्रिंट चांगली आहे" म्हणत आणि जात. मी प्रत्येकाच्या मागे धावून सांगत होते, "प्रिंट नाही हो! पेन्सिल आहे! हातानं केलंय!"

एक गृहस्थ मात्र प्रकाशभाऊंनी काढलेल्या कानासमोर खिळून उभे राहिले. मोठा कान, पाळीवर केस, वरच्या कडेला छोटी खाच. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"आवडला?" मी विचारलं.

"हा कान मी ओळखतो," ते म्हणाले. "अमळनेरहून धुळ्याला कॉलेजला यायचो. बसायला कधी जागा मिळाली नाही. तीन वर्षं ड्रायव्हरच्या मागे उभा राहून आलो. समोर हाच कान!"

तेवढ्यात मागून नानांचा आवाज आला. "ए भाऊ, मागे सरक. गिअर पडत नाही!"

आणि तो पन्नाशीचा, सूट घातलेला माणूस चटकन दोन पावलं मागे सरकला!

परतीच्या वाटेवर अक्का त्या कानाचं चित्र मांडीवर घेऊन बसल्या. जळगाव जवळ आल्यावर म्हणाल्या, "तीस वर्षांनी माणूस कान ओळखतो. म्हणजे मावशी चेहरा ओळखेल. हो ना?"

* * *

पुढच्याच आठवड्यात मावशीच्या सुनेचा फोन आला. मावशी आता तिलाही नावानं हाक मारेनाशी झाली होती. आम्ही चित्र पूर्ण केलं आणि चौघं एसटीनं भडगावला निघालो. नाना प्रवासी म्हणून बसले होते, पण सगळा रस्ता उजव्या पायानं ब्रेक दाबत होते. चित्र अक्कांच्या मांडीवर, जुन्या साडीत गुंडाळलेलं.

खरं सांगते, चित्र अप्रतिम झालं होतं. बारा-बारा थर. सावलीत हिरवा. डोळ्यांतली चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद. ओठ मिटून हसणारे.

मावशी बाजेवर बसली होती. सुनेनं तिला चष्मा लावला. अक्कांनी चित्र समोर धरलं.

मावशीनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हाई कोन शे?"

अक्कांनी चित्र आणखी जवळ नेलं. "तुन्ही बहीन, मावशी. सोनी."

"नाक सोनीनं शे," मावशी म्हणाली. "डोया बी. पन सोनी नही. सोनीना दात कथा शे?"

"दात कुठे म्हणजे?" मी.

"वरना." मावशीनं करंगळी स्वतःच्या खालच्या ओठावर टेकवली. "तोंड मिटं तरी भाईर ऱ्हाये."

"मावशी, इतले फोन कयात," अक्का रडकुंडीला आल्या. "दातनं काबर सांगं नही?"

"तुम्ही इचारं का?"

तिघांनी माझ्याकडे बघितलं.

मी घाईघाईनं रबर काढलं. पण रंगीत पेन्सिलीत मेण असतं, आणि बारा थरांचं मेण रबरानं निघत नाही, आणि वर पांढरी पेन्सिल धरत नाही. मीच शिकवलं होतं. मावशी तोंड फिरवून खिडकीकडे बघायला लागली होती.

प्रकाशभाऊंनी खिशातून अर्धं पातं काढलं आणि अक्कांच्या बोटांत दिलं. त्यांचं मनगट हलकेच धरलं.

"दाढीसारखं, अक्का. दाबायचं नाही. नुसतं फिरवायचं."

अक्कांनी पातं चित्रातल्या ओठाला टेकवलं. मेणाची बारीक पापडी उठली. खालच्या ओठावर तांदळाच्या दाण्याएवढा कागद उघडा पडला. मी त्यावर पिवळसर रंगाचा एक हात फिरवायला सांगितला.

नाना माझ्या कानाशी आले. "मॅडम, सहा महिन्यांना अजून दोन आठवडे आहेत."

अक्कांनी चित्र पुन्हा वर धरलं. "मावशी, देख ना."

मावशी वळली. चष्मा नाकावर सरकवला. आणि मग तिचे डोळे बारीक झाले, अगदी चित्रातल्यासारखे.

"सोनी!" ती ओरडली. "मन्ही फनी दे!"

अक्कांनी चित्र माझ्या हातात दिलं, पर्स उघडली आणि आपला कंगवा मावशीच्या हातात ठेवला.

मावशीनं तो उलटसुलट करून बघितला आणि चित्रासमोर आपटला.

"हाई नही! मन्ही लाकडनी व्हती!"