नानांच्या पेट्या आणि डबीतली अळी

नानांचा आयुष्यभराचा संग्रह किड्यांनी खाल्ला.

हसू नका. संग्रह किड्यांचाच होता.

नाना म्हणजे माझे सासरे. गेल्या मंगळवारी गेले. फोन घेतले नाहीत कुणाचे, सॉरी. आज लिहितेय कारण आज सकाळी घरात एक गोष्ट झाली, आणि ती ज्यांना सांगायची तेच नाहीत.

लग्न होऊन डोंबिवलीच्या या वन बीएचकेमध्ये आले तेव्हा बेडरूमचं अर्धं कपाट काचेच्या झाकणाच्या लाकडी पेट्यांनी भरलेलं होतं. आत टाचण्यांवर ओळीने भुंगेरे. हिरवे, तांबडे, शिंगवाले. थोडी फुलपाखरं. प्रत्येकाखाली चिमुकलं लेबल: नाव, कुठे सापडला, कधी, कोणाला.

मला किळस यायची. स्पष्टच सांगते.

आणि वास! प्रत्येक पेटीच्या कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. त्या नसल्या तर बारीक किडे आत शिरतात आणि वाळलेले भुंगेरे खाऊन टाकतात. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा हळूच म्हणाली, "अगं, तुमच्याकडे सार्वजनिक मुतारीसारखा वास येतोय."

नाना आतून ओरडले, "विहीणबाई, सवय होते!"

नानांची नोकरी शहाडला. सुट्टीच्या दिवशी मात्र जाळी घेऊन उल्हास नदीचा काठ, नाहीतर शीळफाट्याच्या टेकड्या. कितीतरी लेबलांवर 'शीळफाटा, गवताळ उतार' असं लिहिलंय. त्या उतारावर आता टॉवर आहेत.

हळूहळू मला पण नाद लागला. "अगं, याच्या मिशांची टोकं बघ गं, तुझी नजर चांगली आहे," म्हणायचे. मी गॅसवर दूध ठेवून भिंग घेऊन बसायचे. दूध उतू गेलं की दोघांनी मिळून ओटा पुसायचा.

"नाना, गूगलवर अगदी असाच दिसतोय."

"असेच दिसणारे शंभर असतात. खात्री आहे? नाही ना? मग नावाची जागा कोरी ठेव."

अंदाजाने नाव लिहायचं नाही. त्यांचा हा एकच नियम होता, आणि त्यात ते कुणाचं ऐकायचे नाहीत.

मग फुप्फुसांचं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, धूप, अगरबत्ती, डासांची कॉइल, डांबर, सगळं बंद. मंदारने, माझ्या नवऱ्याने, त्याच संध्याकाळी सगळ्या गोळ्या गोळा करून पिशवीत भरल्या.

"गोळ्या काढल्यास तर पेट्या जातील रे."

"जाऊ देत. तुम्ही राहा."

मंदारचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. एवढ्याशा घरात पेट्या दुसरीकडे ठेवणार तरी कुठे?

पावसाळ्यात नाना बरेच दिवस ठाण्याला हॉस्पिटलमध्ये. आमची नुसती धावपळ. कपाट कुणी उघडलंच नाही. नाना ऑक्सिजनचं मशीन घेऊन घरी आले आणि पहिलं वाक्य, "हिरव्यांची पेटी काढ."

काढली.

टाचण्या होत्या. लेबलं होती. मध्ये काहीच नव्हतं. खाली नुसता तपकिरी भुसा.

दुसरी पेटी तशीच. तिसरी पण. पुढच्या उघडायला नानांनीच नको म्हटलं.

मंदार बाथरूममध्ये नळ सोडून रडला. नळ सोडला तरी कळतंच ना.

नाना भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला हाक मारली.

"भिंग आण. खाणारा कोण आहे ते बघू तरी."

भुशात एक केसाळ अळी सापडली. तांदळाच्या दाण्याहून लहान. मी चप्पलच उचलली.

"अगं, नाही! ही पण भुंगेऱ्याचीच. कूळ कळलं, जात नाही कळली. अळीवरून नक्की सांगता येत नाही. मोठी होऊ दे."

म्हणून आम्ही ती पाळली. कुंकवाच्या रिकाम्या डबीत, नानांच्या लोकरीच्या मफलरचे तुकडे खायला घालून. मंदार म्हणाला, "तुम्ही दोघं वेडे आहात." नाना रोज उठल्या उठल्या विचारायचे, "काय म्हणतेय आमची पाहुणी?"

एकदा मीच भडकले. "तुम्हाला राग नाही का हो येत?"

ते थांबले. एका वाक्याला दोनदा श्वास घ्यायला लागायचा.

"येतो ना. खूप येतो. पण नाव तर कळायला हवं. आणि ऐक, मोठी झाली की ती असलं काही खात नाही. उजेडाकडे जाते. फुलांवर बसते."

मग अळी हलायची बंद झाली. "कोष," नाना म्हणाले. "आता थोडेच दिवस." आणि माझ्याकडे असं बघितलं की मला तिथे उभं राहवेना. तेवढे दिवस त्यांना हवे होते.

परत हॉस्पिटल. मास्कच्या आतून विचारलं, "फुटला का कोष?"

"नाही नाना. अजून नाही."

आमचं शेवटचं बोलणं ते.

आज सकाळी डबीत भुंगेरा होता. मोहरीएवढा. पाठीवर पांढरी-पिवळट नक्षी. इतका सुंदर की मला त्याचाच राग आला.

भिंगाखाली धरला. नानांनी शिकवलेलं सगळं बघितलं. त्यांच्या पुस्तकात दोन चित्रं जुळतात. त्यातलं कुठलं, ते मला कळत नाही. नानांना कळलं असतं.

मंदारने दारातून विचारलं, "टाचणीवर लावायचा?"

मी नाही म्हटलं. गॅलरीत कुंडीतली कोथिंबीर फुलावर आलीये. डबी तिथे उघडली. थोडा वेळ फुलावर बसला, मग उडाला.

हिरव्यांच्या पेटीत एक नवीन लेबल लावलंय. डोंबिवली, आमचं घर. सापडला: नानांना.

नाना, कोष फुटला हो. थोडक्यात चुकामूक झाली तुमची.

नावाची जागा कोरी ठेवलीय.

नमस्कार करते.