पोर देखानं मशीन

ती डॉक्टरीण मला एकदाच भेटली, नावही कळलं नाही. नव्वदच्या दशकात, आम्ही डिंडोलीत राहायचो तेव्हा, कडोदऱ्याच्या रस्त्यावर टेम्पोनं माझ्या दाजींना उडवलं. अंगावर साधा ओरखडा नाही, पण माणूस पांढराफटक पडलेला. दवाखान्यात नेलं तर वॉर्डबॉय म्हणाला, सोनोग्राफी वरच्या मजल्यावर होते, पेशंट तिकडे न्या.

"मग मशीनला चाकं कशाला दिलीत?" डॉक्टरीण ओरडली. वर जाऊन ते धूड स्वतः ढकलत तिनं दाजींच्या खाटेजवळ आणलं. घाम ती खांद्यालाच पुसत होती.

मशीन बघून माझी बहीण किंचाळली, "हाई ते पोर देखानं मशीन शे! यास्ले काय दिवस गयात?"

दाजींना दिवस गेलेत का, या प्रश्नावर सगळे हसले. डॉक्टरीण हसली नाही. दाजींच्या पोटावर जेली लावून तिनं पडद्यावरचा काळा डाग दाखवला. "हे रक्त. पोटात साचतंय. ऑपरेशनला न्या, लगेच!"

दाजींना नेल्यावर तिनं विचारलं, "पोर बघायचं मशीन म्हणजे?"

मी म्हणाले, "आमच्या अहिराणीत पोर म्हणजे मुलगी. हिला दोनदा या मशीनखाली झोपवलं. दोन्ही खेपेला पोर निघाली, दोन्ही खेपेला दाजींनी पाडायला लावली."

तिनं वायर गुंडाळता गुंडाळता हिसडली. "मशीनला सगळी पोटं सारखी. मुलगी दिसली की दुखतं ते यांच्या पोटात!"

दाजी बरे झाले. मशीननं जीव वाचवला, असं अजून कौतुकानं सांगतात, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पोटातलं रक्त दिसलं म्हणून ते वाचले. माझ्या भाच्या दिसल्या म्हणून गेल्या.